स्मृतिभ्रंशातली रात्र

स्मृतिभ्रंशातले विसरणे चारचौघांना दिसते. झोपेची घडी विसकटलेली मात्र त्याच खोलीत झोपणाऱ्यालाच कळते. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुप्राकायॅझ्मॅटिक न्यूक्लियस नावाचे दोन बारीक पुंजके असतात. दोन्ही मिळून चेतापेशी सुमारे २०,०००. डोळ्यांतून आत येणाऱ्या उजेडावरून दिवस कुठवर आला हे शरीराला कळवणे, हे त्यांचे काम. अल्झायमरमध्ये याच पेशी झडत जातात, झोप आणणारे मेलाटोनिन घटते, मोतीबिंदू असेल तर उजेडही आत कमी पोचतो. मग झोप रात्रीपुरती न राहता चोवीस तासांत तुकड्यातुकड्यांनी विखुरते: दुपारी खुर्चीतच तासन्‌तास डोळा लागतो आणि रात्री दीडला टक्क जाग येते. माणूस हट्टाने जागत नसतो. रात्री उठावे लागणाऱ्या पत्नीला, मुलाला, सुनेला हे आधी मनापासून पटावे लागते. न पटल्यास पुढचा कोणताही उपाय चिडचिडीतच वाया जातो.

रात्रीची तयारी सकाळी करायची असते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. रात्र कितीही वाईट गेली तरी ती वेळ फार सरकू देऊ नये. घरातल्या खोलीत उजेड जेमतेम काहीशे लक्स असतो, उघड्यावर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांच्या घरात जातो. म्हणून सकाळचा चहा गॅलरीत किंवा अंगणात द्यावा आणि अर्धा तास तिथेच बसवावे. दुपारची डुलकी तीनच्या आत आणि अर्ध्या-पाऊण तासात आटपावी. उरलेल्या वेळात हाताला काम हवे. मटार सोलणे, लसूण निवडणे, वाती वळणे, टॉवेलच्या घड्या घालणे यांतले काहीही चालेल. वाती वाकड्या झाल्या म्हणून कोणी सुधारून देऊ नयेत. काम आपले झाले हे समाधान आणि थोडा शीण, एवढेच हवे असते. चहातल्या कॅफिनचा अंमल कित्येक तास टिकतो, पण चारचा चहा तोडणे मराठी घरात कठीण. तेव्हा कप तोच ठेवावा, पत्ती नावाला घालावी, दूध वाढवावे.

दिवेलागणीला घालमेल सुरू होते. आजोबा पिशवीत टॉवेल, चष्म्याचे घर आणि एकच चप्पल भरून दाराशी उभे राहतात: ‘मला घरी जायचंय.’ तीस वर्षे ते याच घरात राहत आलेले असतात. ‘अहो बाबा, हेच तुमचं घर’ असे समजावले की आवाज चढतो, कारण त्यांना जे घर हवे आहे ते पत्त्याचे नसते; तिथे आई असते, ओसरी असते, आपली माणसे असतात. वाद न घालता ‘घरी कोण कोण आहे, बाबा?’ असे विचारावे, बोलू द्यावे, हात धरून इमारतीला एक फेरी मारून आणावी. परत येईपर्यंत बहुधा पिशवी विसरली जाते. अंधार पडण्याआधीच दिवे लावावेत, पडदे ओढावेत. काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब अशा वेळी परका माणूस वाटू शकते. झोपण्याच्या खोलीतला आरसाही झाकलेला बरा. भांडणांच्या मालिका आणि बातम्यांचा आरडाओरडा जेवणापूर्वीच बंद व्हावा.

झोपण्याआधीचा क्रम रोज तोच असावा: जेवण, गोळ्या, दात, लघवी, सैल कपडे, ओळखीची गोधडी, आवडीचे एखादे भजन मंद आवाजात. पाणी दिवसभर भरपूर द्यावे, संध्याकाळी सातनंतर कमी करावे. पलंगावरून संडासाचे दार दिसेल अशी मांडणी हवी. दार उघडे, आत झिरोचा दिवा लावलेला, वाटेतले पायपुसणे उचललेले. काळे पायपुसणे अंधुक उजेडात खड्ड्यासारखे दिसते आणि पाय तिथेच अडतो.

रात्री जाग आली की लगेच ट्यूबलाइट लावू नये, किती वाजले हेही पटवत बसू नये. आधी शरीर पाहावे: लघवी, तहान, ओली चादर, थंडी, दुखरा गुडघा. मग शेजारी बसून थोडक्या शब्दांत बोलावे. पंधरा-वीस मिनिटांत डोळा न लागल्यास खुर्चीत बसवून कोमट दूध द्यावे आणि पुन्हा पलंगावर न्यावे. बाहेर पडण्याची सवय असेल तर दाराला घुंगरू बांधावे आणि कडी नजरेच्या वर लावावी. मात्र घरात एकटे कोंडून कधीही ठेवू नये.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर तो नुसता स्मृतिभ्रंश समजू नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठ यांची त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. डोनेपेझिल रात्री घेतल्याने भीतिदायक स्वप्ने पडू शकतात, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रभर फेऱ्या होतात; दोन्ही सकाळी देता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन गोंधळ वाढवते. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड. मनोविकारांवरच्या नव्या पिढीच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २००५ मध्ये दिला. शेजाऱ्याच्या अनुभवावरून त्या सुरू करणे धोक्याचे. झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे वर्षानुवर्षे चालू असेल तर ते लेवी बॉडी प्रकाराचे लक्षण असू शकते. त्या प्रकारात हॅलोपेरिडॉल जिवावर बेतू शकते, म्हणून ही सवय डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सगळ्या रात्री एकाच माणसाने काढू नयेत. सलग न झोपलेली मुलगी कितीही मायाळू असली तरी पहाटे तिचा हात कडक होतो, आणि त्यात तिचा दोष नसतो. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री भावाने, नातवाने किंवा रात्रपाळीच्या मावशीने घ्याव्यात. त्यांच्यासाठी पलंगाजवळ एक कागद चिकटवावा: कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, कोणत्या कुशीवर झोपतात, साधारण किती वाजता उठतात, पाणी कोणत्या भांड्यातून पितात, डॉक्टरांचा नंबर, आणि दाराची किल्ली कुठे टांगली आहे.