पाटणकर बाजारातल्या लाटा

माझी आत्या लग्न होऊन गोव्याहून ग्वाल्हेरला गेली, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. लष्कर भागातल्या पाटणकर बाजारात तिचे सासर. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि त्या लष्कराचेच पुढे शहर झाले. तिथल्या पेठांची नावे ऐकताना आपण चंबळेच्या मुलखात आहोत हे विसरायला होते. आत्याच्या मराठीला आता हिंदीचे वळण आहे. पण मी चपला काढतो न काढतो तोच तिचा पहिला प्रश्न येतो, तो कोकणीतून. "आमचो फातर आसा मरे?"

हा फातर म्हणजे वागातोरकडच्या सड्याच्या अगदी टोकावरचा जांभ्याचा कातळ. लहानपणी ती आणि माझे बाबा संध्याकाळी त्यावर बसून होड्या मोजायचे. बाबा गेले. फातरही गेला. चार पावसाळ्यांपूर्वी कड्याचा तुकडाच खाली आला, त्याच्यासोबत. मागच्या दोन खेपांना मी "आसा गे" म्हणून वेळ मारून नेली होती. यंदा मात्र खोटे बोलवेना. सांगून टाकले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एवढा मोठा दगड पडला कसा रे?"

रडेल असे वाटले होते, तिने तर प्रश्न विचारला! मीही मग जमेल तसे सांगत गेलो. सडा वरून कठीण दिसतो, पण जांभा असतो भोकाभोकांचा. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते. खाली असते पांढरट, मऊ चिकणमाती. पाणी तिथे अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या कितीतरी झरी अशाच. हे पाणी आतून माती नेते, समुद्राच्या लाटा बाहेरून नेतात. वरचे कठीण छप्पर अधांतरी राहते आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळते. वागातोरच्या वेळेवर पडलेले ते काळे-तांबडे धोंडे आठवतात ना? तेही कधीतरी वरच होते.

"मग सगळा गोवाच पडायचा की!" आत्या म्हणाली.

तसे नाही. दगड बदलला की किनारा बदलतो. काणकोणला पाळोळ्याच्या टोकांना ग्रॅनाइटचे खडक आहेत. त्यांचे कोपरे झिजून ते गोल गोल होतात, पण उभे राहतात. दगड जिथे टिकतो तिथे भूशिर समुद्रात घुसते, जिथे हरतो तिथे उपसागर होतो. लाटाही मोठ्या हिशेबी. भूशिराजवळ त्या वळतात आणि सगळा जोर त्याच्यावर काढतात. उपसागरात शिरताना मात्र पसरतात, थकतात आणि हातातली वाळू खाली ठेवतात. वेळसांवपासून मोबोरपर्यंत पंचवीसेक किलोमीटरची वाळू अशीच साठत आली. आषाढात समुद्र वेळ खरवडून वाळू आत नेतो, दिवाळीच्या सुमारास हळूहळू परत आणून देतो. वाळूचे हे देणेघेणे आपण लहानपणापासून बघतो. कड्याचे मात्र तसे नाही. पडलेला कडा समुद्र परत देत नाही. म्हणूनच सड्याच्या काठाला खेटून बंगले उठताना बघितले की पोटात गोळा येतो.

हे शेवटचे बोललो आणि वाटले, नको होते बोलायला.

आत्या उठली. मला आतल्या चौकात घेऊन गेली आणि तुळशीपाशी फरशीवरून हात फिरवत म्हणाली, "हे बघ. नवी नवरी होते तेव्हा पाय अडखळायचे इथे. ही फरशी बदलू दिली नाही मी कोणाला."

ग्वाल्हेरी वालुकाश्माची फरशी ती. तिच्यावर बोटाएवढ्या रेषा, एकापुढे एक. ओहोटीनंतर वेळेवर पावलांखाली लागतात ना, अगदी तशाच! वाकून बघितले तर प्रत्येक रेषेचे दोन्ही उतार सारखे. वाहत्या पाण्याने वळ्या पाडल्या तर एक बाजू लांबट आणि दुसरी उभी होते. दोन्ही सारख्या असल्या तर समजावे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांचे काम. ग्वाल्हेरच्या आसपासचा विंध्य वालुकाश्म शंभर कोटी वर्षांहून जुना. त्या काळी या प्रदेशात उथळ समुद्र होता. कुठलातरी डोंगर झिजला, त्याची वाळू झाली, वाळूवर लाटा उमटल्या आणि त्याचा पुन्हा दगड झाला. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी किल्ल्याच्या कड्यात जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या, त्याही वालुकाश्मातच.

हे सगळे सांगितल्यावर आत्या त्या फरशीकडे बघत राहिली.

"म्हणजे दर्या इथे माझ्या आधीच येऊन गेला होता तर."

मग चहा ठेवायला आत गेली. निघताना तिने एवढेच सांगितले, पुढच्या खेपेला त्या पडलेल्या फातराचा लहानसा तुकडा आण, तुळशीपाशी ठेवीन.

आणायला हवा. पावसाळा सुरू व्हायच्या आत.