कागदावरचं शून्य

डायनॅमिक्सच्या पेपरात बॅलन्सिंगचं गणित आलं की आपण सगळे खूश! इनलाइन सहा सिलिंडर म्हणजे प्रायमरी शून्य, सेकंडरी शून्य, कपल शून्य, मार्क खिशात. मात्र त्या गणितातला क्रँकशाफ्ट वाकत नाही आणि पिळलाही जात नाही.

थळच्या माझ्या काकांच्या बोटीवर सहा सिलिंडरचंच डिझेल इंजिन आहे. नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या फेरीत, खांदेरीच्या बाहेर, त्याचा क्रँकशाफ्ट तुटला. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं म्हणून सात माणसं घरी आली. बर्फ आणि डिझेलचे पैसे बुडाले ते वेगळेच. तुटलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. एका कोपऱ्यापासून कमानीसारख्या रेषा पसरल्या होत्या, अगदी ओहोटीचं पाणी किहीमच्या वाळूवर सोडून जातं तशा. पुस्तकात यांना ‘बीच मार्क्स’च म्हणतात! म्हणजे तडा बरेच दिवस वाढत होता. आधीच्या ग्राइंडिंगमध्ये जर्नल आणि वेबच्या सांध्यातली गोलाई, म्हणजे फिलेट, जवळजवळ उडवली होती. तडा तिथूनच निघालेला.

शाफ्टचं दुखणं तसं जुनंच. शंभर वर्षांपूर्वी सहा सिलिंडरच्या मोटारी आल्या, तेव्हा लांब, सडपातळ शाफ्ट ठराविक वेगाला पिळवटून थरथरायचा. हेन्री रॉइसच्या ३० हॉर्सपॉवरच्या गाडीलाही हा त्रास झाला. १९०६ साली त्याने ४०/५० (हीच पुढची सिल्व्हर घोस्ट) आणली तेव्हा शाफ्ट जाड केला, सात मेन बेअरिंग दिली. टॉर्शनल स्टिफनेस व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास १० टक्के वाढवा, ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. पुढे लँचेस्टरने शाफ्टला डँपर जोडून थरथर जिरवली.

काका डायनॅमिक्स शिकलेले नाहीत. पण “ह्या आवाजावर इंजिन ठेवू नको रे, पटकन पुढं काढ,” असं ते खलाशाला सांगतात, तेव्हा क्रिटिकल स्पीडबद्दलच बोलत असतात. आमच्या व्हायवात हे उत्तर किती जणांना आलं, ते विचारू नका.

नवा शाफ्ट परवडणारा नव्हता. जुनाच एक घेऊन ग्राइंडिंगला टाकला. मी रेडियस गेज घेऊन तिथे उभा. कारागीर आधी वैतागला, मग त्याने व्हीलची कड पुन्हा गोल करून घेतली. लाकडी बोट जमिनीवर एका आकारात बसते आणि पाण्यात दुसऱ्या. म्हणून पंख्याच्या शाफ्टचं अलाइनमेंट मिस्त्रीने बोट तरंगत असताना, कपलिंगमध्ये फीलर गेज घालून केलं. दसऱ्याच्या आधी काका पुन्हा समुद्रात गेले.