रेशनचे धान्य आणि घरचा जमाखर्च

आजाऱ्याला डॉक्टर सांगतात, “चांगले खायला द्या.” हे ऐकून आईच्या डोळ्यांपुढे सफरचंद आणि बदाम उभे राहतात, आणि ती गप्प होते. टोकावडे परिसरात सामाजिक काम करताना हे गप्प होणे मी अनेक घरांत पाहिले आहे. मी शिकलो बी.कॉम., नोकरी कारकुनाची. तेव्हा हा प्रश्न जमाखर्चाच्या नजरेनेच मांडतो.

आधी जमेची बाजू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. त्यातून प्रथिने मिळतात १३ ते १५ ग्रॅम. प्रौढ स्त्रीला लागतात साधारण ४५ ग्रॅम. नुसत्या भाताने पोट भरते, पण अंगात ताकद येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा स्त्रिया आपल्याही घरांत आहेत.

आता खर्च. वस्तीतील काही भगिनींबरोबर बसून मी वाण्याच्या वह्या वाचल्या. मुलांसाठी रोज पाच रुपयांच्या तीन पुड्या घेतल्या, तर महिन्याला ४५० रुपये होतात. तेवढ्यात निदान चार किलो हरभरे येतात. तीन भाग धान्याला एक भाग डाळ-कडधान्य, असे आहारतज्ज्ञ सांगतात. पाच माणसांच्या २५ किलो धान्याला आठ किलो झाले. एवढे एकदम जमणार नाही. पण चार किलोने सुरुवात करता येते. वाल, चवळी, मूग भिजवून मोड आणले की तेच मूठभर धान्य पातेलेभर होते आणि पचायलाही हलके जाते.

बाकीचे तर आपल्या मातीतच आहे. मुरबाड-शहापूरच्या वरकस जमिनीत नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास, तर पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. पावसाळ्यात वाडीवरच्या ठाकर बाया टाकळा, कुरडू, कंटोली विकायला आणतात. परसात शेवगा असेल तर त्याचा पाला फुकट आहे. बाजारातला वाटाभर जवळा कालवणाला चव देतो आणि ताकदही देतो.

मग हे ताटात का येत नाही? मला वाटते, लाज आडवी येते. “आता नोकरी लागली, नाचणीची भाकरी कशाला? पाहुणे काय म्हणतील?” बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ते स्वाभिमानासाठी. नाचणी आणि रानभाजी त्यात नव्हत्या. गरिबीत आपल्या आज्यांना याच अन्नाने कष्टाचे बळ दिले. त्यात कमीपणा कसला?

दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. उलट भाजीवर लिंबू पिळले तर ते अधिक लागते. भाताची पेज ओतून न देता मीठ घालून प्यावी.

तिसरी गोष्टही बिनखर्चाची, पण अवघड आहे. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. तोवर आमटीत डाळ उरत नाही, नुसते पाणी उरते. कितीही चांगला बाजार भरला, तरी तो तिच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. म्हणून बंधूंनो, वाण्याच्या यादीत पहिली ओळ डाळीची लिहा, आणि जेवायला सगळे एकदम बसा. वाढणारी आपल्या शेजारी बसली आहे ना, एवढे पाहून मगच पहिला घास घ्या.