तेरीज जुळेपर्यंत

सहकारी पतसंस्थांच्या जमाखर्चासाठी संगणक-प्रणाली तयार करणाऱ्या पुण्यातील एका छोट्या कंपनीत मी काम करतो. आणि ज्याने प्रणालीचा जो भाग लिहिला, तो अडला असता तालुक्याच्या गावाहून येणारा फोनही त्यानेच घ्यावा, ही आमच्या दप्तराची रीत मला या व्यवसायातील सर्वांत मोलाचे शिक्षण वाटत आली आहे. मोठ्या कंपनीत तक्रारीला क्रमांक मिळतो, ती चार टेबले फिरते आणि प्रोग्रामरपर्यंत पोहोचेतो तिच्यातला माणूस गळून गेलेला असतो. आमच्याकडे "साहेब, खातं सापडत नाही" हे वाक्य जसेच्या तसे कानी येते आणि त्यामागे खिडकीशी ताटकळलेल्या खातेदाराचा त्रासिक स्वरही.

असाच एका पतसंस्थेतील भाऊसाहेबांचा फोन आला होता. गोऱ्हे आडनावाचे जुने सभासद समोर उभे, पासबुकावर नाव ठळक, आणि पडद्यावर मात्र 'नोंद आढळली नाही'. त्या संस्थेचे जुने दप्तर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले होते, जेथे अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई. त्याचे रूपांतर करताना 'ऱ्ह'मधला अर्धा र हा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह अशा तिहींनी लिहिला गेला, तर आजच्या कळफलकावरून तोच नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असा उमटतो. डोळ्यांना दोन्ही नावे एकच. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी माणसे. नोंद करताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकाच रूपात आणणारा लहानसा भाग मी त्याच दुपारी लिहिला, आणि गोऱ्ह्यांबरोबर कऱ्हाडकर, बऱ्हाटे अशी कितीतरी कुटुंबे आपापल्या ठेवींशी पुन्हा जोडली गेली. भाऊसाहेबांनी पासबुक हाती धरून आडनाव अक्षरशः उच्चारून दाखवले नसते, तर हा दोष मला केवळ तर्काने गवसला नसता, अशी माझी खात्री आहे.

वेतन मोठ्या कंपनीइतके नाही, आणि बिलांची वसुली रेंगाळली तर ते मुदतीत होतेच असे नाही. ही उणीव खरी आहे, तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु 31 मार्चच्या रात्री पिग्मी ठेवींचे व्याज, थकबाकीची तरतूद आणि ताळेबंद यांच्या जंजाळात एखादी संस्था अडकलेली असताना, तिचा हिशेब ज्या ओळींवर उभा आहे त्या ओळी आपल्याच हातच्या आहेत, या जाणिवेने जी जबाबदारी अंगी येते, ती मला अन्यत्र कोठे लाभली असती असे वाटत नाही.

नवा मुलगा वा मुलगी रुजू झाली की प्रोग्रामला हात लावण्यापूर्वी आम्ही त्यांना एखाद्या पतसंस्थेत धाडतो. तेथील जाणत्या लेखनिकाशेजारी बसून रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून तेरीज स्वहस्ते करायची, आणि ती जुळल्याखेरीज पुण्याला परतायचे नाही, असा आमचा दंडक आहे.