पंधरा वर्षांची क्लॉडेट

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा पत्र्याखाली भरणारी रात्रीची अभ्यासिका, विहिरीवरच्या आंघोळी, पहाटेची वंदना असे सारेच डोळ्यांपुढून गेले. त्याविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी इतिहासाचा शिक्षक. माझ्या विषयातलीच एक गोष्ट मला सांगावयाची आहे, आणि तिच्यात माझी एक चूक दडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतील वसाहती एकामागून एक मुक्त होऊ लागल्या, त्याच काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयही समतेसाठी उभे ठाकले. हा भाग मी दरवर्षी मोठ्या उत्साहाने शिकवीत असे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहून, त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या, हे सांगितले की मुले सावरून बसत. मग मी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराकडे वळे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला, त्यांना अटक झाली, आणि ५ डिसेंबरपासून तेथील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्या दिवशीही माँटगोमेरीतील मोलकरणी आणि मजूर बसमध्ये न चढता पायीच कामावर जात होते. हे वाक्य उच्चारताना माझा आवाज दाटून येई.

एका वर्षी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी हाच विषय घ्यावा, असे ठरले. भाषण लिहून आणावयास सांगितले, तेव्हा सर्वांत उत्तम भाषण एका आठवीतील मुलीने आणले. तिचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात. ती वसतिगृहातच राही. वहीच्या चार पानांत तिने जे मांडले होते, ते मलाही तसे मांडता आले नसते. परंतु ती वाचू लागली आणि ‘पाणी’चे ‘पानी’ झाले, ‘आणि’चे ‘आनि’ झाले. परीक्षक हसतील, शाळेचे नाव खाली जाईल, असे मला वाटले. ते भाषण मी स्वच्छ उच्चारांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला पाठ करावयास दिले. त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. ढाल आली त्या संध्याकाळी सर्वांबरोबर तीही टाळ्या वाजवीत होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात क्लॉडेट कॉल्विन हे नाव आले. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच माँटगोमेरीत ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमधील जागेवरून उठली नव्हती. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरविले, बेड्या घातल्या आणि मोठ्या माणसांच्या तुरुंगात नेले. शाळेत त्या दिवसांत हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रुथ यांचा इतिहास शिकविला गेला होता. त्या दोघींचे हात आपल्या खांद्यांवर असल्यासारखे वाटले, म्हणून उठता आले नाही, असे तिने पुढे सांगितले. वर्गात शिकविलेला इतिहास असा कुणाच्या खांद्यावर जाऊन बसतो, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

तेथील पुढाऱ्यांनी तिच्या अटकेवरून लढा उभारण्याचा विचार केला आणि सोडून दिला. ती लहान होती, गरीब वस्तीतील होती, चटकन भडकते असे लोक म्हणत, आणि पुढे ती गरोदरही राहिली. विरोधक बोट ठेवतील, ही भीती होती. ती अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. लढा चालविणाऱ्यांना असे हिशेब करावेच लागतात. रोझा पार्क्स यांनाही यात कमी लेखण्याचे कारण नाही. त्या केवळ दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई नव्हत्या. वर्णसमतेसाठी झटणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले होते आणि क्लॉडेटला त्या ओळखत होत्या.

परंतु बसमधील वर्णभेद ज्या खटल्याने मोडला, त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या. वादी चार स्त्रिया होत्या, आणि बाजूला ठेवलेली क्लॉडेट त्यांतील एक होती. ११ मे १९५६ रोजी तिने न्यायालयात साक्ष दिली. १३ नोव्हेंबरला, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरातच, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. २१ डिसेंबरला माणसे पुन्हा बसमध्ये चढली, आता हव्या त्या जागेवर बसण्यासाठी. बालवयातील अटकेची नोंद मात्र क्लॉडेटच्या नावावर २०२१ पर्यंत राहिली. ती पुसली गेली तेव्हा तिचे वय ८२ होते.

हे वाचल्यापासून मी तो पाठ २ मार्चपासून शिकवू लागलो. पण ज्या मुलीला ते सांगावयाचे होते, ती शाळा सोडून केव्हाच गेली होती.

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात ती आपल्या मुलीला घेऊन आली. जेवणानंतर मी तिला बाजूला बोलावले, क्लॉडेटची हकीकत सांगितली आणि त्या भाषणाबद्दल क्षमा मागितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, “सर, तुमाला दिली ती उतरवून काढलेली परत व्हती. मूळची वही मी घरीच ठेवली. हिनं आता पाठ केलीय.” आणि मुलीला पुढे करून म्हणाली, “म्हन गं सरांना.”

मुलीने म्हणावयास सुरुवात केली. तिचेही ‘पानी’च होते. मी शेवटपर्यंत ऐकत राहिलो.