नकाशाला पाणी दिसत नाही

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरणे ही गोष्ट पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या घरांत कोणी मनातही आणत नसे. आखातात नोकरीला गेलेला भाऊ किंवा मेहुणा सुट्टीवर आला की तिकडच्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा आणि आपण ऐकायचो. आता सातारा-सांगलीकडची कुटुंबेही नातेवाइकांकडे मस्कतला किंवा दुबईला जातात आणि भाड्याची गाडी घेऊन हिंडतात. ही हिंमत आली ती मुख्यतः फोनमधल्या नकाशामुळे. दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही ओमानला जाऊन आलो. तिथे जे शिकायला मिळाले, ते मस्कतइतकेच मिरजेच्या रस्त्यावरही उपयोगाचे आहे, म्हणून लिहीत आहोत.

आधी तयारीविषयी. परदेशात गाडी चालवायला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्याच आरटीओ कार्यालयातून मिळतो. त्यासाठी चालू लायसन्स आणि पासपोर्टच्या प्रती जोडाव्या लागतात. सरकारी फी १००० रुपये असून हा परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. ओमानमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते. हाताला सवय होईपर्यंत पहिला दिवस गल्लीबोळातच घालवावा.

दुसरे म्हणजे नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून न्यावा. आपण कुठे आहोत हे कळायला इंटरनेट लागत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणि रहदारीची खबर आणायला. डोंगरात रेंज गेली की उतरवून ठेवलेला नकाशाच कामी येतो.

हाच फोन किब्लाही दाखवतो. साताऱ्यात आपण पश्चिमेच्या साधारण बारा अंश उत्तरेकडे वळून नमाज पढतो. मस्कतमध्ये मात्र किब्ला पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला येतो. मुलांना याचे फार नवल वाटले. तेव्हा आम्ही त्यांना अल-बिरूनींची गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी उपग्रह नव्हते, पण गझनीचा किब्ला नेमका काढता यावा म्हणून या विद्वानाने शहराशहरांचे अक्षांश-रेखांश मोजून मोठा ग्रंथ लिहिला. आज तेच काम बोटाच्या एका स्पर्शावर होते. अल्लाहने माणसाला दिलेल्या अकलेची ही देणगी आहे, तिचा उपयोग जरूर करावा.

आमच्याबरोबर अब्बा होते. त्यांनी एसटीत तीस वर्षे ड्रायव्हरकी केली. कोयनेचा पाऊस, घाटातले धुके, रात्रीच्या मुक्कामी गाड्या, सगळे त्यांच्या अंगवळणी पडलेले. घरी असताना साताऱ्याहून मुलांच्या ननिहालला, म्हणजे सांगलीला निघालो की उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असा रस्ता तेच सांगत येतात. ओमानमध्ये मात्र फोनमधली बाई बोलू लागली आणि अब्बा मागच्या सीटवर गप्प झाले. दोन दिवस त्यांनी रस्त्याबद्दल एक शब्द काढला नाही. विचारले तर म्हणाले, "उसको सब मालूम है, मैं क्या बोलूँ?"

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगरातले एक गाव पाहून परतत होतो. फोन सारखा 'वाडी' 'वाडी' म्हणत होता. मुले हसत होती की आपल्या साताऱ्यासारख्या इथेही वाड्याच आहेत! आम्ही त्यांना समजावले की हा अरबीतला 'वादी' शब्द आहे, उर्दूतही तो दरीसाठी वापरतात. ओमानमध्ये वादी म्हणजे डोंगरातून उतरणारे नदीचे पात्र. वर्षातले बरेच दिवस ते कोरडे असते आणि कित्येक ठिकाणी रस्ता थेट पात्रातून जातो.

अशाच एका उतारावर पुढे रस्त्यावरून पाणी वाहत होते. फार नव्हते, घोट्याच्या वर असेल. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होते. नकाशावरची निळी रेघ पाण्यातून सरळ पलीकडे जात होती आणि मुक्कामाला चाळीस मिनिटे दाखवत होती. आम्ही गाडी थांबवून बघत होतो, तेवढ्यात मागून अब्बांचा आवाज आला, "गाडी पीछे लेव. पानी का रंग देखो, ऊपर बरसात हुई है."

पाणी गढूळ, तांबूस होते आणि त्यात काटक्या वाहत होत्या. आम्ही गाडी मागे घेऊन उंचावर लावली. अर्ध्या तासात तिथे पाण्याचा लोंढा आला. रस्त्याच्या कडेला पाण्याची खोली दाखवणारे रंगीत पट्ट्यांचे खांब होते, त्यातला लाल पट्टाही बुडाला. आमच्यासारखेच थांबलेल्या दोघा ओमानी गृहस्थांनी खजूर आणि कहवा पुढे केला. त्यांनी सांगितले की वाहत्या वादीत जाणूनबुजून गाडी घालणे इथे गुन्हा आहे, कारण दरवर्षी माणसे जातात. पाणी ओसरायला तीन तास लागले. फोनमध्ये तेवढा वेळ तीच निळी रेघ होती. गाडीत आमची दोन लेकरे बसली होती. अल्हम्दुलिल्लाह, याहून जास्त काय लिहावे?

यात यंत्राची निंदा नाही. त्याचे काम जागा सांगण्याचे आहे आणि ते त्याने चोख केले. वर डोंगरात कुठे पाऊस पडला, पाण्याचा रंग कसा पालटला, हे उपग्रहाला विचारण्यात अर्थ नाही. ते अब्बांना दिसले, कारण त्यांचे आयुष्य कृष्णा-कोयनेच्या काठच्या रस्त्यांवर गेले आहे.

सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुणे-बंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. अशा दिवसांत रस्ता नकाशावर असतो, पण जमिनीवर नसतो.

परतीच्या प्रवासात, विमानतळापर्यंत, अब्बा पुढच्या सीटवर बसले. फोनही चालू होता. वळण फोन सांगायचा आणि अब्बा पुढचा रस्ता बघायचे. "ये बाई अच्छी है, पर इसको बाहर का नहीं दिखता," असे ते हसून म्हणाले.

आपल्या घरांतही असे बुजुर्ग आहेत. कोणी ट्रक चालवला, कोणी टेम्पो, कोणी नदीकाठी शेती केली. नवे यंत्र घरात आले की त्यांना वाटते, आता आपले काम संपले. त्यांना तसे वाटू देऊ नये. हा फक्त अदबीचा प्रश्न नाही, कधी कधी जिवाचाही असतो.

आता पावसाळ्यात सांगलीला निघायचे असले की आम्ही नकाशा लावतो आणि मग मुलांच्या नानांना फोन करतो. सलाम-दुआ झाली की अब्बाच फोन हातात घेऊन विचारतात, "आयर्विनला किती फूट?"