किल्ली आणि मान

पावसाळ्यात मांडवीच्या काळ्या वाळूवर कधी कधी निळसर फुग्यांसारखे जीव वाहून येतात. लोक त्यांना जेलीफिश म्हणतात. वस्तुतः ती अनेक सूक्ष्म जीवांची एक वसाहत असते, नाव ब्लू बॉटल. वाळूत मरून पडलेली असली तरी तिचे तंतू डंख करतात.

किनाऱ्यावरच्या अशा जीवांची, शंखशिंपल्यांची छायाचित्रे एकमेकांना दाखवणारे आंतरजालावरचे एक हौशी मंडळ आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक त्यात शिरलो ते शब्दांच्या लोभाने. मुळे, तिसऱ्या, कालवे यांपलीकडची नावे मिळतील म्हणून. मंडळाचे व्यवस्थापक तीन, तिघेही बिनपगारी. एक परदेशी गेले, एक बाई नोकरीतून सवड काढून अधूनमधून डोकावत, आणि ज्यांनी हे सारे उभे केले ते गुरुजी दोन वर्षे गप्प होते.

एका पावसाळ्यात कोणीतरी लिहिले की ब्लू बॉटल डसल्यास ओल्या वाळूने खसाखसा चोळावे. हे सपशेल चूक. चोळल्याने कातडीवरच्या न फुटलेल्या दंशपेशीही फुटतात. समुद्राच्या पाण्याने धुवावे, तंतू चिमट्याने उचलावेत. आम्ही दुरुस्ती लिहिली, ती पुढच्या छायाचित्रांखाली गडप झाली. मूळ मजकूर काढण्याचा अधिकार तिघांनाच, आणि तिघांपैकी एकही जागेवर नाही. तो सल्ला चार दिवस तसाच राहिला. आमच्याच एका विद्यार्थिनीने तो धाकट्या भावाच्या हातावर अमलात आणला. हात बरा झाला, पण तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती काही दिवस विसरता आली नाही.

गुरुजींचे नाव काढा, असे मात्र कोणी म्हणेना. ‘त्यांनी एवढे केले!’ शिमग्यात पालखीचा मान घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असतो. खांदा द्यायला घरात कोणी उरले नाही तरी मान हलत नाही. देवाच्या दारी ते शोभते. येथे मानाच्या जोडीला किल्लीही होती.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथेही व्यवस्था पाहणारे प्रचालक स्वयंसेवकच. विकिपीडियाच्या जगात २०१३ पासून एक साधा नियम आहे. जेथे स्वतःचा वेगळा नियम नाही, तेथील प्रचालकाने दोन वर्षांत काहीच काम केले नाही, तर त्याला आणि समूहाला कळवायचे, महिनाभर वाट पाहायची, उत्तर न आल्यास अधिकार काढायचे. त्यात दोषारोप नसतो. आम्हांला त्यातला महिना सर्वांत आवडला.

आम्ही पत्र लिहिले, मग धीर न धरवून घरीच गेलो. गुरुजींनी दार उघडले. आतल्या खोलीत काकू अंथरुणाला खिळलेल्या. आम्ही विषय काढण्याआधीच ते म्हणाले, “मला वाटलं होतं, तुम्ही वर्षापूर्वीच याल.” वहीच्या पानावर परवलीचा शब्द लिहून त्यांनी पुढे केला. राजीनामा द्यायची लाज वाटत होती म्हणे. आम्हांला मागायची वाटत होती.

निघताना ते पायरीपर्यंत आले. “छायाचित्रं मात्र येऊ द्यात,” म्हणाले, “तिला दाखवतो मी.”